शेरखानाचा प्रश्न
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शिवकाल, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय असताना, व्यंगचित्रपटातील एका वाघाविषयी बोलण्याची अनुमती मी मागितली. कार्यवाहांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ‘मुलांसाठीही काही हवेच’ असे म्हणून होकार दिला. विषय मुलांचा आहे खरा. परंतु मला बोलायचे आहे ते थोरांशी. मी साहित्याचा पंडित नव्हे. बी. ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीची तीस वर्षे, एवढेच माझे भांडवल. त्या नोकरीने मला एक सवय लावली आहे. कोणाचाही अर्ज समोर आला की तो काय मागतो यापेक्षा कोणत्या आधारावर मागतो, हे मी आधी पाहतो. आज एका वाघाचा अर्ज त्याच दृष्टीने तपासावा, असा विचार आहे.

शेरखान म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वॉल्ट डिस्ने यांच्या १९६७ सालच्या ‘द जंगल बुक’ या व्यंगचित्रपटातला वाघ उभा राहतो. वुल्फगँग रायथरमन हे त्याचे दिग्दर्शक. डिस्ने यांनी स्वतः देखरेख केलेला हा अखेरचा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट. तो पडद्यावर येण्यापूर्वीच, डिसेंबर १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले. आरंभी तयार झालेली कथा मूळ पुस्तकाच्या गंभीर वळणाने जाणारी होती. ती त्यांना रुचली नाही. पुढे ज्या लेखकाकडे काम सोपवले, त्याला त्यांनी पुस्तक वाचू नकोस असेच सांगितले होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे. हसत्या-गात्या चित्रपटासाठी ते ठीकच झाले असेल. मात्र त्यामुळे खलनायक पार बदलला.

या चित्रपटातला शेरखान हा रुबाबाचा उत्तम नमुना आहे. त्याला आवाज दिला तो जॉर्ज सँडर्स या नटाने, आणि त्याची चित्रे काढली मिल्ट काल या निष्णात चित्रकाराने. वाघाच्या चेहऱ्यात सँडर्सच्या चेहऱ्याची छटा उतरली आहे, असे जाणकार म्हणतात. हा वाघ ओरडत नाही, धावपळ करीत नाही. नख रोखून धरलेल्या अवस्थेतही तो अजगराची चौकशी करतो ती एखाद्या खानदानी गृहस्थाच्या अदबीने. मोगली समोर सापडतो तेव्हा पळून जाण्यासाठी दहा अंक मोजण्याची सवलतही तो देतो. त्याचे दर्शन फार उशिरा घडते. चित्रपटाचा बराच मोठा भाग केवळ त्याच्या नावाच्या धाकावर चालतो. खलनायक कसा उभा करावा याचा तो वस्तुपाठच आहे.

परंतु या शेरखानाला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. त्याला माणसाचा द्वेष आहे, बंदुकीची आणि अग्नीची भीती आहे, म्हणून हा पोर मोठा होण्याआधीच त्याला मारायचा आहे, संपले. लांडग्यांची सभा भरते ती मोगलीच्या काळजीपोटी. वाघ परत आला आहे, तेव्हा मुलाला सुरक्षित ठिकाणी पोचवावे, असा निर्णय होतो. म्हणजे वाघ वाईट, बाकीचे सर्व चांगले. शेवटी वीज पडून झाड पेटते, मोगली जळकी फांदी वाघाच्या शेपटीला बांधतो, वाघ पळून जातो आणि जंगल निर्धास्त होते. मुलांना सुखाची झोप लागते.

आता मूळ पुस्तकाकडे वळू. रड्यार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील लॉकवुड किपलिंग हे सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेत अध्यापक होते. ‘जंगल बुक’ १८९४ साली आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. ही पुस्तके लिहिली गेली अमेरिकेतील व्हर्मांटच्या थंडीत. पण त्यांतले जंगल आपल्या शेजारचे आहे. सिवनीच्या टेकड्या आणि वैनगंगा नदी ही मोगलीची भूमी. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांना पाणी पाजते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. १९५६ पर्यंत सिवनीचीही राजधानी नागपूरच होती. आजही पेंचच्या व्याघ्रारण्याचा एक भाग मध्य प्रदेशात, तर एक भाग नागपूर जिल्ह्यात आहे. सीमा माणसांनी आखल्या. वाघाने आणि पाण्याने त्या मानल्या नाहीत.

या पुस्तकातला शेरखान रुबाबदार नाही. तो जन्मतः एका पायाने लंगडा आहे. मोगलीला आपल्या पिलांत घेणारी लांडगीण सांगते की त्याची आई त्याला ‘लंगडी’ म्हणत असे. किपलिंगने हिंदुस्थानी शब्द उचलला, त्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. चपळ हरणे त्याच्या हाती लागत नाहीत, म्हणून तो गावकऱ्यांची गुरे मारतो. गावकरी संतापले, म्हणून नवा मुलूख शोधत तो लांडग्यांच्या रानात आला आहे. तेथेही पहिल्याच रात्री लाकूडतोड्यांच्या शेकोटीवर झेप घालून तो आपले पाय भाजून घेतो. एका अर्थी या कथेतला बाहेरून आलेला प्राणी कोणी असेल तर तो शेरखानच आहे. हे ध्यानात ठेवावे, कारण ‘बाहेरचा कोण’ हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारतो तोही तोच.

त्याचा पहिला अर्ज गुहेच्या तोंडाशी होतो. माणसाचे पोर माझे भक्ष्य आहे, ते मला द्या. हा साधा भुकेचा अर्ज आहे. लांडगीण तो फेटाळते, आणि अशी फेटाळते की वाघाला अंधारात माघार घ्यावी लागते. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की भुकेच्या भाषेत मागून मिळणार नाही. पौर्णिमेच्या रात्री सभेच्या खडकावर टोळीचे पंच बसतात, पिलांची ओळख करून घेतात. त्या वेळी खडकाआडून वाघाचा आवाज येतो आणि त्याची भाषा आता बदललेली असते. पोर माझे आहे, हे तो म्हणतोच. पण त्याला एक प्रश्न जोडतो. स्वतंत्र म्हणवणाऱ्या लांडग्यांना माणसाच्या पोराशी काय कर्तव्य आहे?

टोळीचा नायक अकेला या प्रश्नाने कानही हलवीत नाही. पण पुढच्याच क्षणी टोळीतला एक चार वर्षांचा तरुण लांडगा उठतो आणि नेमका तोच प्रश्न अकेलाला विचारतो. माझ्या मते संपूर्ण कथेतला सर्वांत भयंकर क्षण हा आहे. येथे रक्त सांडत नाही, नखे बाहेर येत नाहीत. फक्त वाघाच्या तोंडचे वाक्य लांडग्याच्या तोंडी जाते. वाघाची भूक होती. तरुण लांडग्याला भूकही नव्हती. त्याला तो प्रश्न आपलाच वाटला.

जंगलच्या कायद्याची येथील तरतूद मोठी मार्मिक आहे. पिलाला टोळीत घेण्याविषयी वाद झाला तर आईबाप सोडून टोळीतील आणखी दोघांनी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. पहिला बोलतो तो बल्लू अस्वल. तो लांडगा नाही, पण पिलांना कायदा शिकवणारा गुरुजी म्हणून त्याला सभेत बसण्याची मुभा आहे. दुसरा बघीरा, त्याला बोलण्याचाही अधिकार नाही, पण तो नव्याने मारलेला एक बैल टोळीला देऊ करतो आणि पिलाचे मोल चुकते करतो. लांडग्यांच्या टोळीत माणसाच्या पोराला जागा मिळाली ती एका अस्वलाच्या आणि एका बिबळ्याच्या शब्दावर. टोळीतल्या टोळीत त्याच्यासाठी कोणी जामीन राहिले नाही.

यानंतर दहा-अकरा वर्षे जातात आणि शेरखान वाट पाहतो. चित्रपटातल्या वाघाला हा धीर नाही. पुस्तकातल्या वाघाचे सामर्थ्य या धीरातच आहे. अकेला म्हातारा होत चालला आहे. तरुण लांडगे वाघाच्या मागे उष्टे-माष्टे खात फिरू लागले आहेत. तो त्यांची स्तुती करतो. एवढे उमदे शिकारी तुम्ही, आणि एका मरायला टेकलेल्या लांडग्याच्या व एका माणसाच्या पोराच्या ओंजळीने पाणी पिता? मोगलीशी तुम्हांला नजरही भिडवता येत नाही म्हणे! ऐकणाऱ्यांच्या माना ताठ होतात. आपल्यापैकी जे कचेऱ्यांत आयुष्य घालवून आले आहेत, त्यांना ही पद्धत अपरिचित नसावी. तबाकी नावाचा कोल्हाही वाघाच्या पायांशी आहेच. तो तर प्रत्येक कचेरीत असतो, आणि त्याची बदली सहसा होत नाही.

मोगलीचा अपराध कोणता? बघीरा त्याला समजावतो तेव्हा जी कारणे सांगतो, त्यांतील एक माझ्या मनातून जात नाही. लांडग्यांच्या पंजांत रुतलेले काटे मोगली आपल्या बोटांनी काढून देत असे, आणि त्यांच्या द्वेषाचे ते एक कारण होते. उपकाराने प्रेमच उत्पन्न होते असे आपण धरून चालतो. परक्या मुलुखात मराठी डॉक्टरांनी, शिक्षकांनी, अभियंत्यांनी जन्मभर काटेच काढले आहेत, आणि त्याची जाणीव ठेवणारी माणसे आपल्याला पावलोपावली भेटली आहेत, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु सेवा हे संरक्षण नव्हे. एकदा ‘हा आपल्यातला नाही’ असे ठरले की काटा काढणारे बोटही परक्याचे बोट दिसू लागते.

शेवटची सभा भरते तेव्हा अकेलाची शिकार चुकलेली आहे आणि ज्याला सभेत बोलण्याचा अधिकार नाही तो वाघ तेथे उघडपणे बोलतो आहे. त्या सभेत दोन युक्तिवाद समोरासमोर येतात. वाघाचा युक्तिवाद असा की हा माणूस आहे, माणसाचे पोर आहे, म्हणून तो मला द्या. अकेलाचा युक्तिवाद असा की याने आपल्याबरोबर अन्न खाल्ले, आपल्याबरोबर झोपला, आपल्यासाठी शिकार हाकून आणली, आणि कायद्याचा एक शब्दही मोडला नाही. एक जन्माकडे बोट दाखवतो, दुसरा वर्तनाकडे. बघीरा आठवण करून देतो की त्यासाठी एक बैल दिला होता. टोळी गुरगुरते की दहा वर्षांपूर्वीच्या हाडांचे आम्हांला काय? करार जुना झाला की तो करारच नव्हता असे म्हणणारे लोक मी फायलींतून पाहिले आहेत. त्यांची भाषा अगदी हीच असते.

मोगलीने मनुष्यवस्तीतून आधीच विस्तव आणून ठेवलेला असतो, आणि त्या रात्री तो जळत्या फांदीने वाघाला झोडपतो. पण त्याआधी तो टोळीला जे म्हणतो त्याचा आशय असा की मी मरेपर्यंत लांडगाच राहिलो असतो, परंतु तुम्ही आज मला इतक्या वेळा माणूस म्हटले की तुमचे म्हणणे खरे असावे असे मलाच वाटू लागले आहे. शेरखानाचा प्रश्न उत्तर शोधीत नव्हता, उत्तर घडवीत होता. ज्याला परका म्हणून वारंवार हिणवले जाते, तो एक दिवस खरोखरच परका होतो. मग तोच प्रश्न विचारणारा विजयाने म्हणू शकतो की, पाहा, मी सांगत नव्हतो? त्या रात्री टेकडी उतरण्याआधी आयुष्यात पहिल्यांदा मोगलीच्या डोळ्यांतून पाणी येते. ते काय आहे हेही त्याला ठाऊक नसते. बघीराला सांगावे लागते की ही आसवे आहेत.

या वाघाची आणखी एक बाजू दुसऱ्या भागातल्या भीतीच्या जन्मकथेत दिसते. भयंकर दुष्काळ पडला आहे, वैनगंगा आटून तिच्या पात्रातला खडक उघडा पडला आहे आणि हाथी नावाच्या वृद्ध हत्तीने जलसंधी पुकारली आहे. पाण्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. अशा वेळी शेरखान माणूस मारून तोंड धुवायला नदीवर येतो आणि म्हणतो की भुकेसाठी नाही, मनात आले म्हणून मारला, आणि आजची रात्र माझ्या हक्काची आहे. त्याच्या म्हणण्याला आधार आहे, हे विशेष. पहिल्या वाघाला वर्षातून एका रात्रीची सवलत मिळाली होती. त्या रात्री माणूस त्याला भिणार होता. अट एवढीच होती की त्याने माणसाला दया दाखवावी, कारण भीती म्हणजे काय ते त्याला स्वतःला कळले होते. पहिल्या वाघाने दया दाखवली नाही, मारले. आणि शेरखानाने तर अट विसरून सवलतीचाच हक्क केला. सरकारी नोकराला ही कथा पाठ असावी असे मला वाटते. नियमात अपवाद असतो तो दयेसाठी. बलवान माणूस त्या अपवादाचा दाखला देऊन आपली लहर पुरवून घेऊ लागला की कायदा शब्दाने जिवंत राहतो आणि अर्थाने मरतो.

पुस्तकात शेरखान मरतो तो फार मानहानीचे मरण मरतो. पोटभर डुक्कर खाऊन, पाणी पिऊन तो वैनगंगेच्या एका कोरड्या ओहोळात सुस्तावला आहे. गावात म्हशी राखणारा मोगली अकेलाच्या मदतीने कळपाचे दोन भाग करतो, दोन्ही तोंडांनी ओहोळात घुसवतो, आणि रामा नावाच्या रेड्याच्या मागे धावणाऱ्या कळपाखाली वाघ चिरडला जातो. चित्रपटातला वाघ पळून जातो; हा मरतो, त्याचे कातडे सोलले जाते. चित्रपटाच्या नियमाने येथे सर्वांचे भले व्हायला हवे.

पण होते उलटेच. गावचा शिकारी बलदेव शंभर रुपयांच्या बक्षिसासाठी ते कातडे मागतो. ते मिळत नाही तेव्हा तो गावात सांगत सुटतो की हा पोर चेटक्या आहे, हा लांडग्यांतला आहे. गावकरी मोगलीला दगड मारून हाकलून देतात. मोगलीला कळेना की मागच्या वेळी आपण माणूस होतो म्हणून घालवले, या वेळी लांडगा म्हणून घालवतात! शेरखानाचे कातडे त्याच्या डोक्यावर आहे आणि शेरखानाचा प्रश्न माणसांच्या तोंडी आहे. वाघ मारता येतो. त्याने विचारलेला प्रश्न मागे उरतो. किपलिंगच्या कथेचा गाभा मला येथे दिसतो, आणि १९६७ च्या चित्रपटाने वगळले ते नेमके हेच.

त्या टोळीचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मोगली कातडे घेऊन सभेच्या खडकावर परततो तेव्हा नायकाविना राहिलेल्या लांडग्यांतले काही सापळ्यांत सापडून लंगडे झालेले असतात, काही गोळ्या लागून लंगडत असतात, काहींना निकृष्ट खाण्याने खरूज लागलेली असते, आणि पुष्कळसे उरलेलेच नसतात. लंगड्या वाघाच्या मागे गेलेली टोळी स्वतःच लंगडी झाली. परक्याला घालवून आपले भले होईल अशी आशा दाखवणाऱ्याने त्यांना स्वतःचे व्यंग तेवढे दिले.

येथे एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने ही कथा लिहिली तोच किपलिंग साम्राज्याचा अभिमानी भाट होता. १८९९ साली ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ या अर्थाची कविता लिहून त्याने काही लोक राज्य करण्यासाठी आणि काही राज्य करवून घेण्यासाठी जन्मतात, या समजुतीला शब्द दिले. म्हणजे शेरखानाचा प्रश्न किती विषारी आहे हे ज्याच्या प्रतिभेला दिसले, त्याच्या राजकारणाला ते दिसले नाही. कथा मात्र लेखकापेक्षा शहाणी निघाली. साहित्यात असे होते.

पुढच्या काळात निरनिराळ्या देशांनी या वाघाला पुन्हा पुन्हा उभे केले. सोव्हिएत रशियात रोमान दाविदोव यांनी १९६७ ते १९७१ या काळात ‘माउग्ली’ हा पाच भागांचा व्यंगचित्रपट केला. तो मूळ पुस्तकाच्या पुष्कळ जवळचा आहे. जपानमध्ये १९८९ साली बावन्न भागांची मालिका निघाली, आणि १९९३ मध्ये ती हिंदीतून दूरदर्शनवर आली. रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडत, हे येथल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. गुलजारांचे शीर्षकगीत सर्वांच्या ओठी होते. त्या मालिकेत शेरखान बोलत होता तो नाना पाटेकरांच्या आवाजात! काश्मीरपासून आसामपर्यंतची मुले मुरूड-जंजिऱ्याकडच्या एका मराठी माणसाच्या आवाजाला घाबरत होती, आणि हा आवाज आपल्यातला की बाहेरचा, हे एकाही मुलाने विचारले नाही. २०१६ साली डिस्नेच्या नव्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी पाटेकरांनी पुन्हा तोच वाघ बोलका केला. जॉन फॅव्हरो यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात संगणकाच्या साहाय्याने प्राणी घडवले आहेत. त्यातल्या शेरखानाला मोगलीच्या बापाने विस्तवाने भाजले आहे, त्याचा एक डोळा गेला आहे. म्हणजे त्याची तक्रार खरी आहे. मला हा बदल मोलाचा वाटतो. तक्रार खरी असते. खोटा असतो तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष, की बापाच्या कृत्याची किंमत पोराने, त्याच्या जातभाईंनी, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाने द्यावी.

आता आपल्याकडे येतो. बदलीच्या एका गावी आमच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीचे काम निघाले होते. हिशेबाविषयी मी सभेत एक शंका विचारली. त्या कामात ज्यांचा हितसंबंध होता ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, साहेब तर आज आहेत, उद्या बदलून जातील. ते बाहेरचे, त्यांनी यात कशाला पडावे? त्यांचे मला काहीच वाटले नाही. त्यांची भूक मला दिसत होती. वाईट वाटले ते पुढच्या बैठकीत, जेव्हा ज्यांच्याशी आमचा रोजचा घरोबा होता अशा एका तरुण शेजाऱ्याने तेच वाक्य, त्याच शब्दांत, अगदी निष्पापपणे उच्चारले. त्या दिवशी मला चार वर्षांच्या लांडग्याची आठवण झाली.

असे अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठी असतील. तथापि आपण येथे केवळ आपल्या जखमा मोजण्यासाठी जमलेलो नाही. मराठी माणसाने हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. तेथे ती बाहेरचीही होती आणि तेथलीच होती. दुसरीकडे, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द मुंबईत दाक्षिणात्य कारकुनांविरुद्ध घोषणा दिल्या गेल्या, त्या मराठीतच होत्या. स्थानिक तरुणांच्या नोकरीची तक्रार खरी होती, हे मी नाकारीत नाही. परंतु जो प्रश्न आपल्याला परमुलुखात टोचतो तो आपल्या घरी विचारला गेला की गोड वाटावा, हे काही न्यायाला धरून नाही.

आणि आता आपल्या मंडळाविषयी. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था काढली त्यांच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नव्हती. आज आपल्या सुना-जावयांत बंगाली आहेत, पंजाबी आहेत, तेलुगू आहेत. त्यांच्या मुलांना मराठी समजते. बोलताना ती अडखळतात, वाचताना तर थांबतातच. गेल्या काही सर्वसाधारण सभांत सभासदत्वाचा आणि गणेशोत्सवातील नाटकाचा विषय निघाला, तेव्हा ‘ही मुले आपल्यातली म्हणायची का?’ असा सूर उमटला, हे आपण जाणता. सूर लावणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. भाषा टिकावी ही तळमळ होती. तळमळ माझीही आहे. पण प्रश्नाची ठेवण ओळखीची वाटली, म्हणून आज हा वाघ तुमच्यापुढे आणला.

मला वाटते, आपण अकेलाची कसोटी लावावी. या मुलांनी आपल्या पंक्तीला अन्न खाल्ले आहे; मांडव घालताना दोर ओढले आहेत; आरतीला उभी राहिली आहेत. त्यांनी आपला कोणता नियम मोडला? उच्चार चुकला एवढेच ना? उच्चार सुधारता येतो. त्यासाठी बल्लू लागतो, पिलांना धीराने धडे देणारा. आपल्या रविवारच्या वर्गाला दोन वर्षांपासून शिक्षक मिळत नाही, ही मला त्या अडखळत्या उच्चारांपेक्षा अधिक काळजीची बाब वाटते. आणि बघीराही लागतो, स्वतःच्या शिकारीतला बैल देणारा. आपल्या मुलाला मुख्य भूमिका मिळो न मिळो, शेजारच्या परप्रांतीय बाईंच्या मुलाला मिळावी म्हणून बोलणारा एक पालक आपल्या सभेत उभा राहिला, तर कायद्याची ती जुनी तरतूद पाळली गेली असे मी समजेन. आईबापांखेरीज आणखी दोघांनी बोलले पाहिजे. आईबाप बोलणारच, त्यांचे बोलणे हिशेबात धरत नाहीत.

कार्यकारिणीला माझी विनंती एवढीच की सभासदत्वाचा नियम पुढल्या सभेत येईल तेव्हा त्याचे शब्द जन्माकडे पाहून नव्हे, सहवासाकडे पाहून लिहावेत. बालमित्रांनो, तुम्हांला जर कोणी असा प्रश्न विचारला, किंवा तुमच्याच तोंडी तो आला, तर तो आधी कोणी विचारला होता आणि त्याला भूक कशाची होती, एवढे एकदा आठवून पाहा.